शुद्ध बोलणे आणि सम्यक बोलणे
(आपल्या शहराच्या रोजच्या बोलीचा एक अभ्यास)

शाळेच्या स्मरणिकेत भाषेवरचा लेख म्हटला की शुद्धलेखनाचे नियम, वाचनाचे महत्त्व किंवा मातृभाषेचा गौरव यांची अपेक्षा असते. प्रस्तुत लेखाचा विषय त्याहून साधा आहे. वर्ग सुटल्यावर जे बोलणे सुरू होते, जेवणाच्या रांगेत, मैदानावर, रिक्षात, बसस्थानकावर जे कानी पडते आणि जे कोणत्याही पाठ्यपुस्तकात नसते, त्या बोलण्याकडे आम्ही येथे अभ्यासाच्या दृष्टीने पाहत आहोत. निवासी शाळेत हा विषय टाळता येत नाही. बीड, जालना, परभणी, हिंगोली, बुलढाणा अशा निरनिराळ्या भागांतील मुले एका छताखाली झोपतात, एका पंगतीत जेवतात. आणि त्यांच्याबरोबर त्यांची बोलीही वसतिगृहात राहायला येते.

१. एक तक्रार, तीन गोष्टी

पालकसभेत हमखास ऐकू येणारी एक तक्रार आहे : "पोराची भाषा बिघडली." खोलात शिरले की लक्षात येते, या एका तक्रारीत तीन अगदी वेगळ्या गोष्टी एकत्र बांधलेल्या असतात.

पहिली गोष्ट बोलीची. मूल ‘पाणी’ऐवजी ‘पानी’ म्हणते, ‘का’ऐवजी ‘कामून’ म्हणते, ‘काय करतो आहेस’ऐवजी ‘काय करू राह्यला’ म्हणते. हे त्याच्या आईचे, आजीचे, गावाचे बोलणे आहे.

दुसरी गोष्ट कट्ट्यावरच्या शब्दांची. ‘दांडी मारली’, ‘फिल्डिंग लावली’, ‘लोचा झाला’, ‘टेन्शन घेऊ नको’, ‘कल्टी मार’. हे शब्द घरून येत नाहीत. समवयस्कांच्या टोळीत जन्मतात, तिथेच वाढतात आणि पुष्कळदा तिथेच विरतात. इंग्रजीत ज्याला ‘स्लँग’ म्हणतात त्याला मराठीत एकच रूढ नाव नाही. कोणी ‘अपभाषा’ म्हणतात, कोणी ‘ग्राम्य भाषा’. परंतु ही नावे अभ्यास सुरू होण्यापूर्वीच निकाल देऊन मोकळी होतात. म्हणून या लेखापुरते आम्ही तिला ‘कट्ट्याची बोली’ म्हणू.

तिसरी गोष्ट शिवीची, म्हणजे समोरच्याला लहान करण्यासाठीच वापरलेल्या शब्दाची.

या तिन्हींना ‘अशुद्ध’ हा एकच शिक्का मारला की अन्याय दोन्ही बाजूंनी होतो. बोली बोलणाऱ्या निरपराध मुलाला लाज वाटू लागते आणि तो वर्गात तोंड उघडेनासा होतो. आणि ‘शुद्ध’ मराठीत, व्याकरणाची एकही चूक न करता दुसऱ्याचा अपमान करणारा मात्र मोकळा सुटतो. आमचे सांगणे थोडक्यात असे : बोलण्याची पारख ‘शुद्ध की अशुद्ध’ या कसोटीने करण्यापेक्षा ‘सम्यक की असम्यक’ या कसोटीने करावी. पुढील विवेचन याच एका मुद्द्याचा विस्तार आहे.

२. बोलीला लाज कशाची?

‘पानी’ आणि ‘पाणी’ हे उदाहरण घेऊ. मराठी समाजात ‘न’ आणि ‘ण’ यांच्या उच्चारावरून माणसाची जात, गाव आणि शिक्षण ताडण्याची सवय जुनी आहे. ‘आनि’, ‘पानी’, ‘लोनी’ असे बोलणाऱ्याला हसणे ही अनेकांनी शाळेत सोसलेली गोष्ट आहे. आता शब्दाचे मूळ पाहा. संस्कृतात ‘पानीय’, पालीतही ‘पानीय’. दोन्हींत ‘न’ आहे. महाराष्ट्री प्राकृताने त्या ‘न’चा ‘ण’ केला आणि प्रमाण मराठीचे ‘पाणी’ त्या वाटेने आले. बोलीतले ‘पानी’ थेट पालीतून उतरले असा याचा अर्थ नव्हे. बोलींचे उच्चार आपापल्या वाटेने बदलत असतात. परंतु ‘मूळ रूप तेच शुद्ध’ असा आग्रह धरणाऱ्याला मग ‘पाणी’ हेच रूप बिघडलेले मानावे लागेल. थोडक्यात, ‘ण’ शुद्ध आणि ‘न’ अशुद्ध हे भाषेने ठरवलेले नाही. समाजाने ठरवले आहे.

हे ठरले कधी? प्रमाण मराठीचे आजचे रूप मुख्यत्वे एकोणिसाव्या शतकात घडले. १८३१ साली मोल्सवर्थ यांचा मराठी-इंग्रजी कोश छापला गेला, १८३६ साली दादोबा पांडुरंग यांचे व्याकरण आले, सरकारी शाळा व छापखाने वाढले, आणि पुणे परिसरातील शिक्षित वर्गाची बोली पुस्तकाची भाषा झाली. एका मोठ्या प्रदेशाला परस्परांशी लिहिण्या-वाचण्यासाठी एक सामाईक रूप लागते. तेव्हा प्रमाणभाषेची गरज आम्ही नाकारत नाही. मात्र अनेक बोलींपैकी एक निवडली गेली, याचा अर्थ उरलेल्या बिघडलेल्या होत्या असा होत नाही.

आपल्या जिल्ह्याच्या दगडांवरही हाच धडा कोरलेला आहे. कन्नड तालुक्यातील पितळखोऱ्याच्या लेण्यात, प्रतिष्ठानच्या म्हणजे आजच्या पैठणच्या गंधिक कुळातील दात्याचा लेख स्तंभावर आहे. गंधिक म्हणजे सुगंधी द्रव्यांचा व्यापारी. या व्यापाऱ्याने आपले दान प्राकृतात नोंदवले. आपल्या भागातील सर्वांत जुने लेख लोकांच्या व्यवहारभाषेत आहेत, हे विद्यार्थ्यांना लेणी दाखवताना आवर्जून सांगावे.

तथागतांच्या भाषाविषयक भूमिकेचे दोन प्रसंग येथे स्मरणीय आहेत. विनयपिटकातील चुल्लवग्गात अशी कथा येते की, ब्राह्मण कुळात जन्मलेल्या दोन भिक्खूंना निरनिराळ्या कुळांतून व प्रदेशांतून आलेले भिक्खू धम्मवचन आपापल्या भाषेत बोलून बिघडवतात असे वाटले, आणि ते छंदोबद्ध अभिजन भाषेत घालण्याची परवानगी त्यांनी मागितली. भगवंतांनी ती नाकारली आणि ‘सकाय निरुत्तिया’ म्हणजे स्वतःच्या भाषेत धम्म शिकण्याची मुभा दिली. ‘स्वतःच्या’ म्हणजे नेमके कोणाच्या, याविषयी टीकाकारांत मतभेद आहेत. परंतु अभिजनांच्या भाषेचा मक्ता नाकारला गेला, याविषयी नाहीत.

दुसरा प्रसंग मज्झिमनिकायातील अरणविभंग सुत्ताचा. ‘अरण’ म्हणजे कलहरहित. एकाच भांड्याला निरनिराळ्या जनपदांत पाति, पत्त, सराव, पोण अशी वेगवेगळी नावे आहेत. अशा वेळी ‘आमचाच शब्द खरा, बाकी सारे खोटे’ असा हट्ट धरणे हे कलहाचे मूळ आहे, असे तेथे सांगितले आहे. त्याच सुत्तात दुसरी बाजूही आहे : लोकांत रूढ असलेला संकेत उगाच ओलांडूही नये. बोलीचा मान आणि सामाईक संकेताचा मान ही दोन्ही टोके एका दमात सांभाळणारे हे भाषाचिंतन अडीच हजार वर्षांपूर्वीच्या परंपरेतील आहे. आपल्या भोजनगृहात ‘ताट’, ‘थाळी’, ‘ताटली’, ‘प्लेट’ यांवरून, किंवा ‘पोळी’ आणि ‘चपाती’ यांवरून वाद झाला की हे सुत्त वाचून दाखवण्यासारखे आहे.

३. अनेक दरवाजांचे शहर

आता आपल्या शहराकडे वळू. १६१० साली मलिक अंबरने खडकी येथे नगर वसवले. तो जन्माने हबशी, म्हणजे आफ्रिकेतून आलेला. पुढे हेच शहर औरंगाबाद झाले आणि २०२३ साली त्याचे छत्रपती संभाजीनगर असे अधिकृत नामांतर झाले. मराठी, फारसी, दखनी, तेलुगू, मारवाडी, बंजारा समाजाची गोरमाटी आणि नंतर इंग्रजी अशा कितीतरी भाषा या शहराच्या दरवाजांतून ये-जा करीत राहिल्या. गुलमंडी, शहागंज, मोंढा, निराला बाजार, कॅनॉट, सिडको ही ठिकाणांची नावे एका दमात उच्चारून पाहावीत. शहराचा भाषिक इतिहास आपोआप तोंडपाठ होतो.

१७ सप्टेंबर १९४८पर्यंत मराठवाडा निजामाच्या संस्थानात होता. कारभाराची भाषा उर्दू. १९१८ साली स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठाचे शिक्षणाचे माध्यमही उर्दू. त्या काळात शिकलेल्या पिढीला मराठी घरी आणि उर्दू दप्तरी अशी दुहेरी कसरत करावी लागे. त्या कसरतीच्या खुणा आपल्या बोलण्यात टिकल्या आहेत. शाळेतलेच शब्द पाहा : दप्तर, हजेरी, शाई, कागद, तारीख, खुर्ची, इमारत, अर्ज, तक्रार. हे सारे अरबी-फारसीतून आलेले आहेत. ‘मुलाची भाषा बिघडली’ अशी ‘तक्रार’ करणारे पालक त्या एका शब्दातच परभाषेचे ऋण मान्य करतात!

देवघेव एकाच बाजूने झाली असे मात्र नाही. आपल्या शहरातील दखनी नीट ऐकावी. ‘नक्को’ हा तिचा ओळखीचा नकार मराठी ‘नको’वरून आलेला आहे. ‘मीच’, ‘तूच’ यांतला आपला ‘च’ दखनीत ‘इच’ होऊन नांदतो. ‘तो येणार म्हणून मी थांबलो’ या वाक्यातल्या ‘म्हणून’ची जागा दखनीत ‘बोलके’ घेते. शब्द हिंदी-उर्दूचा, वाक्याची ठेवण मात्र दख्खनची. उत्तरेतील उर्दू भाषिकाला ही दखनी ओबडधोबड वाटते, जशी पुण्याच्या माणसाला आपली मराठी वाटते. हसणारे वेगळे आणि हसू सोसणारे वेगळे, पण व्यवहार एकच.

आणि याच ‘ओबडधोबड’ बोलीचा पराक्रम पाहा. सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात या शहराशी नाते असलेला वली, ज्याला वली दखनी आणि वली औरंगाबादी अशा दोन्ही नावांनी ओळखतात, दखनी वळणाच्या बोलीत गझला लिहीत होता. त्याचा काव्यसंग्रह दिल्लीला पोहोचला, तेव्हा फारसीलाच कवितेची भाषा मानणाऱ्या तिथल्या कवींना बोलीत लिहिण्याचे बळ मिळाले. त्याच्याही आधी, सोळाव्या शतकात, पैठणच्या एकनाथांनी ‘हिंदू-तुर्क संवाद’ रचला आणि दोन शेजाऱ्यांना मराठी व दखनी वळणाच्या हिंदीत आमनेसामने बोलते केले. रिक्षाचालकाशी ‘कितने हुए मामू’ आणि शेजारच्या प्रवाशाशी ‘सरका जरा’ असे एका श्वासात बोलणारा आपला विद्यार्थी याच जुन्या परंपरेचा वारस आहे. हिमरू विणताना सूत आणि रेशीम एकत्र येतात. वस्त्र त्यामुळे हलके ठरत नाही.

४. कट्ट्याच्या बोलीलाही व्याकरण असते

कट्ट्यावरची बोली म्हणजे मनाला येईल ते बडबडणे, असा समज आहे. प्रत्यक्षात ती नियमांनी चालते. चार नियम आमच्या पाहण्यात आले.

पहिला नियम लक्षणेचा. जुन्या शब्दाला नवा अर्थ चिकटतो. लोणी म्हणजे मस्का. त्यावरून खुशामत करणे म्हणजे ‘मस्का मारणे’. ताटातला चमचा पुढाऱ्याच्या मागे फिरू लागतो. ‘टोपी घालणे’, ‘शेंडी लावणे’, ‘डोके खाणे’, ‘हवा करणे’ यांत एकेक चित्र आहे. काव्यशास्त्रात ज्याला लक्षणा म्हणतात तेच हे.

दुसरा नियम क्रियापदाचा. शब्द कोणत्याही भाषेचा असो, त्याला मराठी क्रियापदाच्या गाडीला जुंपले की तो मराठी होतो. एकट्या ‘मारणे’चा संसार पाहा : गप्पा मारणे, थाप मारणे, चक्कर मारणे, दांडी मारणे, कल्टी मारणे, मिसकॉल मारणे. ‘खाणे’ही मागे नाही : भाव खाणे, पैसे खाणे, मार खाणे, हवा खाणे. क्रिकेटमधली ‘फिल्डिंग’ मराठीत ‘लावली’ जाते आणि ती लावल्यावर एखाद्याचे काम होते. मुलाने ‘फिल्डिंग लावलीये’ म्हटले तर त्याने परकी संज्ञा, मराठी लिंग आणि मराठी काळ यांचा अचूक मेळ घातलेला असतो. व्याकरण मोडलेले नसते, पाळलेले असते.

तिसरा नियम गुप्ततेचा. आपल्या टोळीला कळावे, बाहेरच्याला कळू नये. लहानपणीची ‘च’ची भाषा आठवा : पहिले अक्षर शेवटी न्यायचे आणि आरंभी ‘च’ लावायचा. ‘मला पुस्तक दे’ म्हणजे ‘चलाम चस्तकपु चदे’. हाच खेळ मोठी माणसे पोटापाण्यासाठी खेळतात. महाराष्ट्रातील बाजारांत दलाल व व्यापारी ‘नंदभाषा’ वापरत आले. तीत आकड्यांना वेगळीच नावे असतात आणि गिऱ्हाइकासमोर भाव ठरला तरी गिऱ्हाइकाला पत्ता लागत नाही.

चौथा नियम काटकसरीचा. झेडपी, एमआयडीसी हे शब्द आता गावोगाव मराठी झाले आहेत. भ्रमणध्वनीवर तर काटकसरीने कहर केला. ‘जे’ हे इंग्रजी अक्षर आणि त्यापुढे एकचा आकडा इतके लिहिले की ‘जे-वन’ म्हणजे ‘जेवण’ झाले! वसतिगृहातल्या मुलाला आईकडून येणारा ‘जे-वन झाले का’ हा संदेश भाषेच्या ऱ्हासाचा पुरावा मानायचा, की मायेने शोधलेल्या पळवाटेचा, हे ज्याने त्याने ठरवावे.

कट्ट्याची बोली झपाट्याने जुनी होते. माजी विद्यार्थी मेळाव्याला येतात तेव्हा त्यांच्या बॅचचे शब्द आजच्या मुलांना कळत नाहीत, आणि आजचे त्यांना. शब्द मेला तरी टोळी टिकते. किंबहुना तो शब्द उच्चारताच टोळी पुन्हा जमते. या बोलीचे खरे कार्य माहिती देणे नसून ‘तू आमचा’ असे सांगणे हे आहे. आणि येथेच तिचा धोकाही आहे. कारण ‘तू आमचा’ म्हणणारा शब्दच दुसऱ्याला ‘तू आमचा नाहीस’ असेही सांगत असतो.

५. कोण कोणाला काय म्हणतो

अनौपचारिक बोलण्यात शब्दाचा अर्थ कोशात नसतो. बोलणारा आणि ऐकणारा यांच्या नात्यात असतो. ‘लेका’ हा शब्द दोन मित्रांत लाडाचा. तोच अनोळखी वडीलधाऱ्याला उद्देशून काढला तर उर्मटपणाचा. नावाला ‘या’ जोडून केलेली हाक, जसे ‘किसन्या’, ‘सोन्या’, आईच्या किंवा सवंगड्याच्या तोंडी गोड लागते.

परंतु आपल्या आजोबा-पणजोबांना ही हाक कोणाकडून ऐकावी लागत होती, ते विसरता येत नाही. गावात वरच्या म्हणवणाऱ्या घरातले शाळकरी पोरही पांढऱ्या केसांच्या माणसाला ‘अरे धोंड्या’ म्हणत असे, आणि त्या वृद्धाला वाकून ‘जोहार’ घालावा लागे. ‘तू’, ‘अरे’ आणि तो तोडलेला नावाचा तुकडा ही साधी बोलीभाषा नव्हती. ती रोज पुन्हा पुन्हा वाचली जाणारी जातीची सनद होती. एकाही ‘अशुद्ध’ शब्दाविना माणसाला माणूसपणातून वजा करण्याची सोय तीत होती.

म्हणूनच ‘जोहार’च्या जागी ‘जयभीम’ येणे ही भाषेच्या इतिहासातील मोठी घटना आहे. ‘जोहार’ खालून वर जात असे. ‘जयभीम’ला ‘जयभीम’ हेच उत्तर आहे. देणारा आणि घेणारा समान पातळीवर उभे असतात. १९५६च्या धम्मदीक्षेनंतर आपल्या पत्रिकांतून व निमंत्रणांतून नावाआधी ‘आयुष्मान’, ‘आयुष्मती’ रूढ झाले, त्यामागेही हीच जाणीव आहे. ज्यांची नावे शतकानुशतके तोडून उच्चारली गेली, त्यांनी आपली नावे पूर्ण आणि सन्मानाने लिहायला सुरुवात केली.

याच संदर्भात आपल्या शहरातील एका छोट्या शब्दाचा विचार करण्याजोगा आहे. मराठवाडा विद्यापीठाची स्थापना १९५८ सालची. त्याला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव द्यावे असा ठराव विधिमंडळाने १९७८ साली केला आणि मराठवाड्यात दलित वस्त्यांवर हल्ले झाले. घरे जळाली, पोचीराम कांबळे यांच्यासारख्यांनी प्राण दिले. सोळा वर्षांच्या लढ्यानंतर १४ जानेवारी १९९४ रोजी नामविस्तार झाला. आज विद्यार्थी त्या विद्यापीठाला सहज ‘बामु’ म्हणतात. काटकसरीच्या नियमाने हा शब्द अगदी स्वाभाविक आहे. म्हणणाऱ्याच्या मनात अनादर नसतो. तरीही ज्या घराने त्या नावासाठी किंमत मोजली, त्या घरातील वृद्धाला ते नाव पूर्ण ऐकावेसे वाटते, हेही तितकेच स्वाभाविक आहे. ‘बामु’ म्हणू नका असा फतवा आम्ही काढणार नाही. मित्रांत आद्याक्षरे चालतील; परंतु ते नाव कसे मिळाले हे प्रत्येक विद्यार्थ्याला ठाऊक असावे आणि व्यासपीठावर, अर्जावर, घरातल्या ज्येष्ठांसमोर ते पूर्ण उच्चारावे. शब्द छोटा करायला हरकत नाही. स्मृती छोटी होऊ नये.

६. शब्द दगड होतो तेव्हा

आता तिसऱ्या गोष्टीकडे, म्हणजे शिवीकडे येऊ. शिवी म्हणजे केवळ अश्लील शब्द नव्हे. कित्येक शिव्या अत्यंत सभ्य वेशात वावरतात. ‘गावंढळ’, ‘अडाणी’, ‘झोपडपट्टी छाप’, ‘कोट्यातला’, ‘सरकारचे जावई’ यांत एकही असभ्य शब्द नाही. परंतु ऐकणाऱ्याला घाव नेमका कुठे बसतो ते विचारावे. ‘बांगड्या भरल्यात का?’ असे एक मुलगा दुसऱ्याला विचारतो, तेव्हा त्या दोघांचे भांडण राहते बाजूला आणि अपमान होतो तो शेजारी उभ्या असलेल्या प्रत्येक मुलीचा. ‘आंधळा आहेस का’, ‘बहिरा झालास का’ हे तर घरोघरी चालते. वर्गात दृष्टी किंवा श्रवण अधू असलेले मूल बसलेले असताना ते वाक्य काय करते, याचा विचार कोणी करीत नाही. रंगावरून ‘काळ्या’, धर्मावरून, भागावरून, आडनावावरून पडलेली टोपणनावेही याच पंगतीतली.

यांतील काहींना कायद्यानेही अटकाव केला आहे. अनुसूचित जाती-जमाती अत्याचार प्रतिबंधक कायदा, १९८९ नुसार जातीवरून हेतुपुरस्सर, लोकांच्या देखत केलेला अपमान हा दंडनीय गुन्हा आहे. शब्दाने इजा होते, हे आपल्या संसदेने मान्य केलेले आहे.

धम्माची कसोटी कायद्याच्या कितीतरी आधीची. अष्टांगिक मार्गातील सम्यक वाचेत चार गोष्टींपासून दूर राहायला सांगितले आहे : खोटे बोलणे, चहाडी करून फूट पाडणे, कठोर बोलणे आणि व्यर्थ बडबड. या चारांत उच्चाराची शुद्धता नाही. बोलीचा निषेध नाही. ‘न’चा ‘ण’ झाला की नाही, याची चौकशी नाही. चौकशी एवढीच, की हे बोलणे खरे आहे का, जोडणारे आहे का, मायेचे आहे का, कामाचे आहे का. या कसोटीवर आजीचे ‘लेकरा, पानी पी’ हे वाक्य पूर्ण गुणांनी उत्तीर्ण होते, आणि निर्दोष प्रमाण मराठीत केलेली टोचणी अनुत्तीर्ण.

७. दोन्ही हातांत भाषा हवी

मग शाळेने काय करावे? बोली जपायची म्हणून प्रमाणभाषा शिकवूच नये काय? असे म्हणणे मुलांचा घात करणारे ठरेल. परीक्षा, मुलाखत, न्यायालय, बँक, वृत्तपत्र यांचा दरवाजा प्रमाणभाषेने आणि पुढे इंग्रजीने उघडतो. ती किल्ली आपल्या मुलांच्या हाती देणे हे शाळेचे पहिले कर्तव्य आहे. प्रश्न किल्ली द्यावी की नाही हा नसून, ती देताना आईची भाषा काढून घ्यावी काय, हा आहे.

याचे उत्तर बाबासाहेबांच्या लेखणीने दिलेले आहे. १९२० साली ‘मूकनायक’ आणि १९२७ साली ‘बहिष्कृत भारत’ ही पत्रे त्यांनी आपल्या लोकांसाठी मराठीत काढली. १९३६ साली ‘अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट’ देशभरच्या वाचकांसाठी इंग्रजीत लिहिले. कोणापाशी कोणत्या भाषेत बोलावे याचे भान त्यांना होते, आणि एका भाषेसाठी दुसरीची लाज त्यांनी धरली नाही. १९५० साली त्यांनी या शहरात उभे केलेले महाविद्यालय ‘मिलिंद’ या नावाने ओळखले जाते. मिलिंद हा यवन, म्हणजे ग्रीक राजा. त्याच्याशी प्रश्नोत्तरे करणारे भिक्खू नागसेन. परिसराचे नाव नागसेनवन. दोन वेगळ्या भाषा-संस्कृतींतील माणसे समोरासमोर बसून बोलू शकतात, हीच कल्पना त्या नावांत आहे.

त्याच परिसराने घडवलेल्या वातावरणात, प्राध्यापक गंगाधर पानतावणे यांच्या ‘अस्मितादर्श’सारख्या नियतकालिकातून, बोलीला छापील पानावर जागा मिळाली. नामदेव ढसाळांच्या ‘गोलपिठा’ने १९७२ साली मुंबईच्या वस्तीतली भाषा कवितेत आणली, तेव्हा मुरलेल्या वाचकांनाही शब्दांचे अर्थ विचारावे लागले. १९७८ साली दया पवारांचे ‘बलुतं’ आले. ज्या बोलीला वर्गात हसत होते, ती आता वर्गात अभ्यासाला लागते.

म्हणून आम्हाला तीन सवयी सुचवाव्याशा वाटतात. बोलीसाठी मुलाला कधीही हसू नये. प्रमाण रूप ‘दुरुस्ती’ म्हणून न देता ‘आणखी एक रूप’ म्हणून द्यावे. कट्ट्याच्या शब्दावर बंदी घालू नये. तो कुठे शोभतो आणि कुठे नाही, एवढे विचारावे. आणि घाव घालणारा शब्द मात्र, तो कितीही सभ्य असो, कितीही ‘गमतीने’ म्हटलेला असो, तिथल्या तिथे थांबवावा; आणि तो का लागला, हे ज्याला लागला त्याच्या तोंडून ऐकून घ्यावे.

३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्र सरकारने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिला. त्याच निर्णयात पाली आणि प्राकृत यांनाही तो मिळाला, हे आपल्या शाळेच्या दृष्टीने विशेष आनंदाचे. लक्षात ठेवण्याजोगी गोष्ट अशी, की पाली आणि प्राकृत या एके काळी लोकांच्या तोंडच्या, अभिजनांनी हिणवलेल्या भाषा होत्या. आजचा अभिजात मुकुट कालच्या बोलीच्या डोक्यावर आहे.

अभ्यासासाठी

माजी विद्यार्थी, पालक आणि हितचिंतक यांनी पुढील प्रश्न घरात मोठ्याने वाचावेत आणि जमल्यास उत्तरे लिहून शाळेकडे पाठवावीत. मराठी विषयाच्या तासाला त्यांचा उपयोग करता येईल.

१) तुमच्या बॅचमध्ये वसतिगृहात रूढ असलेले आणि बाहेरच्यांना न कळणारे पाच शब्द कोणते? त्यांचा अर्थ आणि, आठवत असल्यास, उगम लिहा.

२) तुमच्या घरातील सर्वांत ज्येष्ठ व्यक्तीला लहानपणी गावात कोणत्या नावाने हाक मारली जाई? आज कोणत्या नावाने मारतात?

३) ‘मारणे’, ‘खाणे’, ‘लावणे’ यांपैकी एका क्रियापदाचे, कोशात सहसा न सापडणारे दहा प्रयोग गोळा करा. त्यांतील कोणते शब्द कोणत्या भाषेतून आले ते शोधा.

४) गमतीने म्हटला गेलेला, पण तुम्हाला कायमचा लागलेला शब्द कोणता? तो लिहायचा नसेल तर लिहू नका. फक्त तो शब्द तुमच्या तोंडून आजवर कोणाला गेला आहे काय, याचा शांतपणे विचार करा.